गप्प राहिल्याबद्दल सत्कार

मीरा रोड,
१४ जुलै २०२५

पुंजाकाका,

पत्राची सुरुवात कशी करतात ते मला आठवत नाही, आणि शाळेत शिकवलेलं लिहिलं तर तुम्ही लाल पेनने खुणा कराल. म्हणून सरळ मुद्द्यावर येते. फोन करत नाही, कारण मागच्या वेळी वीस मिनिटं मी एकटीच बोलत होते आणि तुमच्या बाजूने फक्त काकूंचा कुकर ऐकू येत होता. तुमच्या घशाच्या ऑपरेशनला पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. बोलायला दिलेलं यंत्र तुम्ही कपाटात टाकून दिलंय असं काकूंनी सांगितलं. ठीक आहे, मग पत्र.

बातमी अशी की मला नाटक मिळतंय. व्यावसायिक, मोठ्या निर्मात्याचं, आणि मुख्य भूमिका. दिग्दर्शक महेश सर. २०२२च्या डिसेंबरात राज्य नाट्य स्पर्धेला नाशिकच्या साईखेडकर नाट्यगृहात जे तीन परीक्षक बसले होते, त्यातले कपाळावर चष्मा ठेवणारे. अडीच वर्षांनी त्यांनी मला बोलावलं आणि पहिलंच वाक्य काय, तर "मला तो पॉज हवाय."

तो पॉज. दीपकदादा पंचांपुढे कागद नाचवून विचारतो, "ही सही तुझी हाय का?" जिजा, म्हणजे मी, चाळीस सेकंद नुसती उभी राहते आणि मग म्हणते, "माझीच हाय." त्या पॉजवर मला रौप्यपदक मिळालं, पदकावर मालिका आणि मालिकेवर ही मीरा रोडची खोली. आणि तो पॉज नव्हताच, काका. मी वाक्य विसरले होते. दोन शब्दांचं वाक्य! हे फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे.

अडचण अशी आहे. मालिकेत मी धाकटी सून. तीनशे बारा भाग झाले. पाठांतर करावंच लागत नाही. बंटी नावाचा सहायक कॅमेऱ्यामागून ओळ वाचतो आणि आपण ती मागून बोलायची. "आई, तुम्ही माझ्या बाळाला विष दिलंत?" हे तो किराण्याची यादी वाचल्यासारखं वाचतो आणि मी रडते. वर्षभरात मी एक पानसुद्धा पाठ केलेलं नाही. नाटक घ्यायचं तर मालिका सोडावी लागेल, तारखा जुळत नाहीत. वडील कळवणहून रोज फोन करतात, की लागलेलं काम सोडायचं असेल तर सरळ घरी ये आणि बी.एड.चा फॉर्म भर. आणि महेश सरांच्या नाटकात विंगेत वही घेऊन कोणी बसत नाही. त्यांना तो अपमान वाटतो.

मला भीती वाटते, काका. पंधरा दिवसांत कळवायचंय. म्हणून एकच विचारते. त्या संध्याकाळी तुम्ही विंगेत माझ्यापासून सहा फुटांवर होतात. वही उघडी होती. तुम्ही ओळ का दिली नाहीत? मला निभावता येईल असं वाटलं म्हणून मुद्दाम गप्प राहिलात का? तुम्ही सांगाल त्यावर ठरवेन.

तुमची,
हर्षाली


नाशिक रोड,
२३ जुलै २०२५

हर्षाली,

पत्र पोचलं. ऱ्हस्वदीर्घ बरं आहे, अक्षर सेटवर बिघडलं असावं.

माझी प्रकृती विचारलेली नाहीस, पण कळवतो. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास चालतो. विडी मी चौऱ्याण्णव साली सोडली होती, तिने मात्र लक्षात ठेवलं. सात-आठ महिने आधी आला असतात तर आवाज राहिला असता असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर असं म्हणतातच. ते यंत्र लावून बोललं की राग, लोभ, चहा हवाय, सगळं एकाच सुरात निघतं. त्यापेक्षा बंटी बरा. विमला आता माझे ओठ वाचते. पहिला चहा मागितला तर कळतो, दुसरा मागितला तर "काय म्हणता ते समजत नाय" म्हणते.

आता तुझा प्रश्न. होय, मुद्दाम गप्प राहिलो. तुझे पाय बघितले, ते घट्ट होते. पाय घट्ट असतील तर नटाला ओळ देऊ नये. घड्याळ वहीवरच ठेवलेलं असतं, त्यामुळे नोंद आहे. अडतीस सेकंद. चाळीस म्हणत जाऊ नकोस.

मालिका सोडावी की नाही हे मी सांगणार नाही. प्रेसमध्ये नोटा तपासायचं काम केलं आणि संध्याकाळी संस्थेच्या नाटकांना प्रॉम्प्टिंग. एकतीस वर्षं. करिअर कसं करतात हे मला काय ठाऊक? दीडदोनशे नटनट्या समोरून गेल्या, आणि तेही मला त्यांचा एकच गाल माहीत. विंगेतून दुसरा दिसत नाही. एवढं बघितलं की जे टिकले ते सगळे देखणे नव्हते. आपली वाक्यं तर सगळेच पाठ करतात. ज्यांना समोरच्याची वाक्यं पाठ होती ते टिकले. तू कळवणहून कॉलेजला आलीस आणि आमच्या संस्थेत बाई कमी पडते म्हणून उभी राहिलीस, तेव्हा तिसऱ्या तालमीला तुला दीपकची सगळी वाक्यं येत होती. दीपकला नव्हती येत.

विमलाने नागलीचे पापड काढून ठेवलेत. येणारे-जाणारे कोणी असेल तर सांग.

पुंजाराम गांगुर्डे


मीरा रोड,
१९ ऑगस्ट २०२५

काका,

हो म्हणाले. "मुद्दाम" हा तुमचा एक शब्द वाचला आणि महेश सरांना फोन लावला.

मालिकेतून मला काढायला त्यांना तीन दिवस लागले. धाकटी सून जिन्यावरून पडली. आता कोमात आहे. पुढच्या महिन्यात चेहऱ्याची शस्त्रक्रिया होऊन दुसरी मुलगी उठेल. तिचं नाव वेदिका, गोड आहे, माझ्या साड्या तिला मोठ्या होतात. बंटी मात्र निरोप घेताना हळवा झाला. म्हणाला, "दीदी, वहाँ कौन पढ़ेगा आपके लिए?" तो प्रश्न बरोबर घेऊन आले.

वडील नऊ दिवस बोललेले नाहीत. आई फोन त्यांच्या शेजारी स्पीकरवर ठेवते, म्हणजे ऐकतात.

चौऱ्याहत्तर पानं आहेत. रोज चार पाठ करते आणि सकाळी उठल्यावर त्यातली दोन गेलेली असतात. तालमीत काल एका साध्या ठिकाणी अडले, तर सगळे थांबले आणि आदराने बघत राहिले. त्यांना वाटलं, पॉज. मला हसावं की रडावं कळेना. विंगेत बघितलं, तिथे पंखा होता. पाठांतराचं काहीतरी सांगा.

हर्षाली


नाशिक रोड,
१ सप्टेंबर २०२५

हर्षाली,

पाठांतर तोंडाने करू नकोस, हाताने कर. आधी समोरच्या पात्रांची वाक्यं वहीत उतरवून काढ आणि तुझ्या जागा कोऱ्या सोड. तीनदा उतरव. चौथ्या वेळी कोऱ्या जागा आपोआप भरायला लागतील. भरल्या नाहीत तर ते वाक्य नाटककाराने वाईट लिहिलंय, महेश सरांना सांगून बदलून घे. एखाद्या वेळी घेतील.

माझ्या वहीतलं एक पान झेरॉक्स करून पाठवतोय. एक उभी रेघ म्हणजे श्वास, दोन रेघा म्हणजे थांबणं. गोल म्हणजे नट इथे जाणूनबुजून गप्प आहे, तोंड उघडायचं नाही. हा गोल सगळ्यात महत्त्वाचा. नवखा प्रॉम्प्टर पॉजमध्ये ओळ देतो आणि नटाचा जीव घेतो. मी ब्याण्णव साली एकदा दिली होती. तो गृहस्थ अजून मुक्तिधाम मंदिराजवळ भेटला की रस्ता ओलांडतो.

वडिलांना एक पोस्टकार्ड टाक. शिक्षक आहेत, लिहिलेलं आलं तर उत्तर देतील.

आणि ते अडतीस सेकंद कुणाला सांगत बसू नकोस. आपल्यात राहू दे.

पुंजाराम


मीरा रोड,
९ नोव्हेंबर २०२५

काका,

काल शुभारंभ झाला. हाउसफुल्ल. चौऱ्याहत्तर पानांतलं एकही वाक्य गेलं नाही. हाताने उतरवल्यामुळे झालं, दुसरं काही नाही. वडील आले होते. मध्यंतरात वडा खाताना म्हणाले, "आवाज शेवटच्या रांगेपर्यंत येतो तुझा." त्यांच्याकडून एवढंच येतं आणि मला पुरतं.

महेश सरांनी दुसऱ्या अंकात त्या पॉजसाठी जागाच करून ठेवलीय. मी घेतला. घेतला म्हणजे मनात एक ते अडतीस मोजले आणि बोलले. टाळ्या पडल्या. खरं सांगू? मोजताना मला पायाशी पडलेली एक सेफ्टीपिन दिसत होती आणि दुसरं काहीही वाटत नव्हतं.

आता माफी. सोबत कात्रण आहे. यशाचं रहस्य काय असं त्या पत्रकार मुलीने विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं. ती मथळा असा देईल असं वाटलं नव्हतं: "काका गप्प राहिले म्हणून मी उभी राहिले". फोटो तुमचा नाही, माझाच दोनदा छापलाय.

३० तारखेला रविवारी संध्याकाळी नाशिकला, कालिदास नाट्यगृहात प्रयोग आहे. तिसऱ्या रांगेतले मधले दोन पास पाठवतेय. तुम्ही आयुष्यात समोर बसून नाटक बघितलेलं नाही असं काकू सांगत होत्या. हे बघा.

हर्षाली


नाशिक रोड,
१३ नोव्हेंबर २०२५

हर्षाली,

तुझं कात्रण येण्याआधीच नाशिक रोडला सगळ्यांनी ते वाचलं होतं. प्रेसमधले जुने लोक घरी येऊन गेले. दीपक पेढे घेऊन आला आणि "काका, तुम्ही थोर आहात" म्हणून पाया पडला. तोच दीपक त्या संध्याकाळी मला विंगेबाहेर "झोपला होता का तुम्ही?" असं विचारून गेला होता. काल संस्थेचा सेक्रेटरी सोमनाथ आला. ३० तारखेला मध्यंतरात रंगमंचावर माझा सत्कार करायचं ठरलंय. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्राचा मजकूर त्याने वाचून दाखवला. "ज्यांच्या मौनाने एक अभिनेत्री घडली." मी मान डोलावली. बोलता येत नसलं की लोक त्याला होकार समजतात.

तो गेल्यावर वही काढली आणि आता हे लिहायला बसलो आहे.

मी गप्प राहिलो नव्हतो. तू अडलीस हे मला दुसऱ्या सेकंदाला कळलं. तुझे पाय बिय काही मी बघितले नाहीत. "माझीच हाय" म्हणून मी ओळ दिली आणि माझ्या घशातून काहीच निघालं नाही. पुन्हा दिली. पुन्हा काही नाही. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. तेवढ्यात तू बोललीस, आणि पडदा पडायच्या सुमारास मला थोडा घोगरा आवाज परत आला. वहीतले अडतीस सेकंद मी त्या संध्याकाळी मोजलेले नाहीत. परीक्षक बाहेर चाळीस-चाळीस करत होते, म्हणून घरी येऊन अडतीस लिहिले, खरे वाटावेत म्हणून. प्रेसमध्ये आयुष्यभर नोटा तपासल्या आणि ही एक नोंद मी खोटी केली.

घसा दाखवला नाही. दाखवला असता तर घरी बसवलं असतं आणि अंतिम फेरीला विंगेत दुसरा कोणी बसला असता. थंडी आहे, होईल बरं, असं म्हणत ऑगस्ट आला. कुणालाही कळलं नाही, विमलालासुद्धा नाही. म्हणून दोष माझ्या एकट्याचा आहे, तो मी पत्करला आहे.

जुलैत तू विचारलंस तेव्हाच हे लिहायला हवं होतं. मला वाटलं, पोरीला आधार हवाय, एक खोटं बोललो तर काय बिघडतं? खरं म्हणजे मलाही बरं वाटलं. आपण प्रॉम्प्टर होतो त्याचे एकदम गुरू झालो. त्यावर विसंबून तू मालिका सोडलीस, हे मात्र माझ्या छातीवर बसलंय. तू विसरलीस, मला आवाज फुटला नाही, आणि त्यातून जे निघालं त्याला लोक कला म्हणाले. एवढंच आहे ते. माझ्या भरवशावर तू उभी राहिली नव्हतीस. आता राग आला तर राग धर.

पुंजाराम


मीरा रोड,
१८ नोव्हेंबर २०२५

काका,

तुमचं पत्र तालमीच्या हॉलच्या पायरीवर बसून वाचलं. राग आला नाही. लाज वाटली, कारण यातलं सगळं मला माहीत होतं.

वाक्य गेलं तेव्हा मी सवयीने विंगेत बघितलं. तुमचे ओठ हलत होते. एकदा, दोनदा, तीनदा. मानेच्या शिरा ताणलेल्या. आधी वाटलं मलाच ऐकू येईनासं झालंय. पण हॉलमधला खोकला ऐकू येत होता, पंखे ऐकू येत होते, फक्त तुमचा आवाज नव्हता. शेवटी तुमच्या ओठांवरून "माझीच" ओळखलं आणि बोलले. ते सेकंद जेवढे असतील तेवढे, ते मी तुमचं तोंड वाचण्यात घालवले.

नंतर मेकअपरूममध्ये तुम्ही आलात आणि घोगऱ्या आवाजात "छान" म्हणालात. कळवणला माझ्या थोरल्या काकांचं असंच सुरू झालं होतं. आवाज मधेच जायचा आणि परत यायचा. त्यांचं पुढे काय झालं ते मी घरात राहून बघितलेलं आहे. म्हणजे मला फक्त दिसलं असं नाही, ते काय असू शकतं हेही कळत होतं. मी बोलणार होते. पण तोवर सगळे त्या पॉजचं कौतुक करत होते. तुमचा आवाज गेला होता असं सांगितलं असतं तर माझं वाक्य गेलं होतं हेही निघालं असतं. म्हटलं, निकाल लागू दे. मग म्हटलं, अंतिम फेरी होऊ दे. मग मुंबई आली, ऑडिशन आल्या. ऑगस्टमध्ये काकूंचा फोन आला तेव्हा मी एका जाहिरातीसाठी केस विंचरून घेत होते. डिसेंबर ते ऑगस्ट, काका. आठ महिने. डॉक्टर म्हणाले ते तेवढेच.

जुलैतला माझा प्रश्न खोटा होता. "नाही गं, माझा आवाजच गेला होता" असं तुम्ही लिहाल आणि मग मी "मला दिसलं होतं" असं लिहीन, असं ठरवलं होतं. तुम्ही "मुद्दाम" लिहिलंत. मला सुटल्यासारखं झालं आणि मी ते खरं मानून पुढे गेले, मुलाखतीतसुद्धा तेच सांगितलं. यशाचं रहस्य विचारणाऱ्या मुलीला खरं उत्तर हे द्यायला हवं होतं, की मला दिसलं आणि मी बोलले नाही. मेहनत वगैरे नंतर केली.

दोष तुमच्या एकट्याचा नाही. कुणालाही कळलं नाही असं पुन्हा लिहू नका. तुमचे ओठ काकूंच्या आधी मी वाचलेत.

तुम्ही ३० तारखेला आला नाहीत तर मला समजेल. काकूंना हे वाचून दाखवा, म्हणजे वाचायला द्या. मला त्यांच्यापासून लपवायचं नाही.

हर्षाली


नाशिक रोड,
२६ नोव्हेंबर २०२५

हर्षाली,

तुझं पत्र शनिवारी आलं. उत्तराला उशीर झाला, कारण मला राग आला होता. तीन दिवस होता. तू डिसेंबरात सांगितलं असतंस तर मी डॉक्टरकडे गेलो असतो का, यावर पुष्कळ विचार केला. तुला बरं वाटावं म्हणून नसतो गेलो असं लिहिणार होतो. पण एकदा खोटं लिहून बघितलं, आता पुरे. गेलो असतो. विमलाने सांगितलं असतं तर ऐकलं नसतं, तुझं ऐकलं असतं.

विमलाला पत्र दिलं. तिने उभ्यानेच वाचलं, घडी केली आणि स्वयंपाकघरात गेली. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "तिला म्हणावं, जेवायला घरीच यायचं. पण मी काही नाटकाला येणार नाय." तुझं जेवण घरी आहे हे लक्षात ठेव. नाटकाचं पुढे बघू, ती आता एवढंच करू शकते.

सोमनाथला चिठ्ठी लिहून सत्कार नको म्हणून कळवलं आहे. कारण दिलं नाही. तो त्यालाही विनय समजला आणि शालीचा रंग विचारू लागला, तेव्हा दार लावून घेतलं.

मी येणार आहे. तिसरी रांग, मधली खुर्ची. शेजारच्या खुर्चीवर वही ठेवीन, मिटलेली. तुझे दोन्ही गाल एकदम मी पहिल्यांदाच बघेन.

दुसऱ्या अंकात तुझी ती जागा आली की आकडे मोजू नकोस, लोकांना मोजलेलं कळतं. थांबावंसं वाटेल तेवढं थांब. वाक्य गेलं तर जाऊ दे, उभी राहा, येईल. माझ्याकडे बघितलंस तरी चालेल, मी दिसेन. पण माझे ओठ हलणार नाहीत. या वेळी मी मुद्दाम गप्प बसणार आहे.

पुंजाकाका